भट्टीच्या वहीतल्या सह्या

मॅडम,

परवा गारगोटी आली होती. तुम्ही ठेवलेल्या नावानंच तिला हाक मारतो, कारण तुमच्या प्रयोगशाळेत कुणाला स्वतःचं नाव नव्हतंच. जो ज्या गावचा, तेच त्याचं नाव. मी कुरुंदवाड, ती गारगोटी. ‘ए कुरुंदवाड, भट्टी कितीवर गेली?’ असं तुम्ही पॅसेजच्या त्या टोकावरून ओरडायचात आणि नव्या माणसाला वाटायचं, या बाई आधी एसटीच्या कंट्रोल रूममध्ये होत्या की काय. तर ती आली, तिच्या शाळेची नववीची मुलं घेऊन, विभागाचं प्रदर्शन दाखवायला. तुमची जुनी भट्टी आम्ही मोडीत काढलेली नाही, माझ्या खोलीबाहेर भिंतीला लावून ठेवली आहे. दाराआडून मला तिचा आवाज आला. आवाज तोच. ‘पोरांनो, ही भट्टी बघा. हिच्यापुढं मी दीड वर्ष बसून काढलंय. आमच्या मॅडम लई कडक होत्या, पण आम्हाला डबा घरनं आणायच्या.’ मग तिनं शिपाईमामांना विचारलं, सर आहेत का. मामा आत आले. मी म्हणालो, मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगा. मामांनी एकदा खोलीभर नजर फिरवली, माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि ते बाहेर जाऊन तसं सांगून आले. ती जाईपर्यंत मी संगणकाकडं बघत बसलो होतो, आणि संगणक चालूसुद्धा नव्हता.

जाताना ती माझ्यासाठी काकवीची बाटली ठेवून गेली. ती टेबलावर ठेवत मामा म्हणाले, ‘सर, तिचा भाऊ लई आजारी हाय म्हणं. तरी जाईना झालीया. मी म्हणलं, बाई, जावा की, सख्खा भाऊ हाय. तर म्हणली, मामा, ज्यानं अर्ज करून माझं शिक्षण बंद पाडलं, त्याच्या दारात कशाला जाऊ? इतक्या वर्सांत भाऊबीज केली न्हाय तिनं, सर.’ मामांना तो अर्ज आठवत होता. तुमच्या विरोधातला, तिच्या फेलोशिपच्या विरोधातला, तो निनावी अर्ज. मामांनी बाटलीखाली एक कागद सरकवला, डाग पडू नये म्हणून, आणि ते गेले.

मॅडम, तो अर्ज तिच्या भावानं केला नव्हता. मी केला होता. तुम्हाला हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आपण दोघांनीही ते तोंडातून कधी काढलं नाही. तुम्ही का काढलं नाहीत ते तुमचं तुम्हाला माहीत. मी का काढलं नाही ते सांगायला फार अक्कल लागत नाही. मी भित्रा होतो, आणि परवा दुपारी कळलं की अजूनही आहे.

तुमच्या प्रकल्पात फेलोची एकच जागा होती. आज मी नव्या पोरांना समजावतो तेव्हा सांगतो, फेलोशिप म्हणजे पीएच.डी. करणाऱ्याला घरी हात न पसरता जगता यावं म्हणून दरमहा मिळणारी रक्कम, बाकी काही नाही. पण आमच्यासारख्यांच्या घरात ती रक्कम नुसती रक्कम नव्हती, पोरगं खरोखर काहीतरी करतंय याचा तो एकमेव पुरावा होता. मी तेव्हा सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचो आणि उरलेला दिवस तुमच्याकडं पीएच.डी.साठी फुकट काम करायचो. गावी गेलो की धाकटा भाऊ डेअरीवर दुधाच्या रांगेत सगळ्यांसमोर विचारायचा, ‘दादा, तुझी शाळा कवा सुटायची?’ रांग हसायची. मीही हसायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही. त्या जागेची मुलाखत झाली तेव्हा माझे गुण तिच्यापेक्षा जास्त होते आणि निवड तिची झाली. तुम्ही मला पॅसेजमध्ये बोलावून सांगितलंत, ‘तू नेट देशील आणि स्वतःची फेलोशिप मिळवशील, आज ना उद्या. तिला ही मिळाली नाही तर दिवाळीपर्यंत तिचं लग्न लावून मोकळे होतील. मला तुम्ही दोघंही इथं हवे आहात.’ मी ‘हो मॅडम’ म्हणालो. तुमचं चुकलं होतं की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण तेव्हा माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता, आणि तोंडावर मात्र साखर होती. सगळ्यात आधी तिचं अभिनंदन मीच केलं.

तुमची भट्टी सकाळी आठला चढायची आणि संध्याकाळी सहाला उतरायची. काचेच्या पट्ट्या आत, आणि बाहेर एक माणूस, दर अर्ध्या तासाला तापमान वहीत लिहायचं आणि पुढं सही करायची. वीज कधी जाईल त्याचा नेम नव्हता, म्हणून भट्टीला एकटं सोडायचं नाही हा तुमचा कायदा. आणि जो भट्टीवर असेल त्याला जेवायला खाली जाता येत नाही, म्हणून त्याचा डबा तुमच्या घरचा. तीन पुडांचा स्टीलचा डबा, खाली भाकरी, मध्ये भाजी नाहीतर पिठलं, आणि वरच्या पुडात काहीतरी गोड, मग तो नुसता गुळाचा खडा का असेना. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. महिनाअखेरीला त्याच वहीवरून तुम्ही फेलोच्या हजेरीचा दाखला लिहायचात, तो ऑफिसात जायचा आणि मग तिची फेलोशिप निघायची. म्हणजे वहीत सही नाही, तर दिवस नाही.

तिची आई आजारी पडली आणि दर गुरुवारी तिला गावी जावं लागायला लागलं. तुम्हीच तिला सांगितलंत, ‘जा, फक्त भट्टी थांबता कामा नये.’ भट्टी थांबली नाही, कारण गुरुवारी तिच्या पाळीला मी बसायला लागलो. आणि वहीत तिच्या नावाची सही मीच केली. तिनं सांगितलं नव्हतं, तिला पहिले दोन-तीन गुरुवार कळलंही नव्हतं. जागा मोकळी राहिली तर ऑफिसवाले तिचे दिवस कापतील, म्हणून केली. मॅडम, ती पहिली सही मी चांगुलपणानंच केली होती, एवढं तरी माझ्याकडून ऐकून घ्या. तुम्ही एकदा वही चाळताना त्या पानावर थांबलात, माझ्याकडं चष्म्यावरून बघितलंत, ‘ओळखीचं अक्षर वाटतंय’ म्हणालात आणि पान उलटलंत. तेव्हा त्या सह्यांचं खरं तीन माणसांना माहीत होतं. तुम्ही, ती आणि मी.

त्या वर्षी नेटचा निकाल लागला आणि मी थोडक्यात हुकलो. त्याच आठवड्यात गारगोटीनं फेलोशिप जमा झाली म्हणून सगळ्यांना भजी दिली. सगळ्यात मोठी पुडी माझ्या हातात ठेवून म्हणाली, ‘ही तुझी. माझे गुरुवार तूच भरतोस की.’ ती मनापासून म्हणाली होती. मला मात्र वाटलं, मी मरमर बसायचं आणि हिनं भजी वाटायची. दुसऱ्या दिवशी मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका टायपिंगच्या दुकानात गेलो आणि अर्ज टाइप करून घेतला. फेलो दर गुरुवारी गैरहजर असते, भट्टीच्या वहीत तिच्या नावे खोट्या सह्या होतात, मार्गदर्शक डोळेझाक करतात, तरी चौकशी व्हावी. टाइप करणारा म्हातारा म्हणाला, ‘पावणं, खाली नाव काय टाकू?’ मी म्हणालो, ‘एक हितचिंतक.’ त्यानं मान वर न करता ते टाइप केलं. त्याच्याकडं असे हितचिंतक रोजच येत असावेत. खोट्या सह्यांची तक्रार करणारा आणि त्या सह्या करणारा एकच माणूस आहे, आणि हे कुणालातरी लगेच कळेल, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी म्हणे संशोधन करत होतो.

अर्ज टाइप झाला, पाकिटात गेला, पण टाकायचा धीर होईना. दोन दिवस तो शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो. मग मला वाटलं, खरंच ती आईसाठी जाते का, एकदा बघून तरी यावं. जात नसली तर माझं चुकलं नाही. एका गुरुवारी ताप आल्याचं तुम्हाला खोटं सांगितलं, भट्टीवर दुसऱ्याला बसवलं आणि गारगोटीची एसटी पकडली. तिच्या घरी गेलो तेव्हा तिचा भाऊ आईला दोन्ही हातांवर उचलून अंगणात उन्हात आणून बसवत होता. ती चुलीपुढं होती. मला बघून सगळ्यांना इतका आनंद झाला की मला पळून जावंसं वाटलं. आईनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. ‘लेकीला लई मदत करतोस म्हणं तू. खा बाळा, पोटभर खा.’ मी भाकरी खाल्ली. भाऊ मला स्टँडवर सोडायला आला आणि वाटेत म्हणाला, ‘पावणं, तिला तेवढं शिकू द्या बघा. आईचं मी बघतो की, पर आईला तीच लागती म्हणून बलवतोय. शिक्षण सोड म्हणून मी तिला कवा म्हणलो न्हाय.’ तो गेला. एसटीला अर्धा तास होता. समोर पोस्टाची लाल पेटी होती. आता याचं मोठं काही कारण सांगावं तर ते नाही. आई खरी होती, आजार खरा होता, भाऊ चांगला होता, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं, पोटात त्यांचीच भाकरी होती, आणि मी खिशात हात घातला आणि पाकीट पेटीत टाकलं. मग रांगेत उभं राहून चांगली खिडकीची जागा पकडली.

पंधरा-वीस दिवसांनी तुम्ही मला राजारामपुरीत घरी बोलावलंत. तुमचं स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. खिडकीखाली खालच्या दवाखान्याच्या पाटीचा दिवा, ओट्यावर तो तीन पुडांचा डबा उपडा घातलेला, आणि तुम्ही पाटावर बसून मेथी निवडताय. तुम्ही मला बस म्हणत नाही. ओट्यावरचा एक कागद दाखवून म्हणता, ‘वाच. मोठ्यानं वाच. माझे हात ओले आहेत.’ मी वाचायला लागतो. माझाच अर्ज. मी पुटपुटतो तशा तुम्ही म्हणता, ‘ऐकू येत नाही.’ मी पुन्हा पहिल्यापासून वाचतो. खोट्या सह्यांपाशी येतो तेव्हा तुमचे हात थांबत नाहीत, तुम्ही पानं वेगळी करताय आणि काड्या वेगळ्या. मी शेवटाला येतो. तुम्ही विचारता, ‘खाली काय लिहिलंय?’ मी म्हणतो, ‘एक हितचिंतक.’ तुम्ही म्हणता, ‘कुणाचा?’ मी कागदाची घडी घालतो. मग तुम्ही म्हणता, ‘पाकिटावर गारगोटीचा शिक्का आहे. मराठी मात्र चांगलं आहे, मुद्देसूद. प्रबंध असाच लिही.’ आणि मेथीची अर्धी जुडी माझ्याकडं सरकवता. मी खाली बसून मेथी निवडली. त्यानंतर तुम्ही मला जेवायलाही वाढलंत. तुम्ही मुस्काटात मारली असतीत तर मी कदाचित सगळं ओकलो असतो. तुम्ही वाढलंत आणि मी मूग गिळून जेवलो.

चौकशी समितीपुढं तुम्ही काय सांगितलंत, ते मला नंतर मामांकडून कळलं. तुम्ही म्हणालात, गुरुवारी मीच तिला सुट्टी देत होते, सह्या माझ्या माहितीत होत्या, त्या कुणी केल्या हे मी सांगणार नाही, आणि त्याची जी काय शिक्षा असेल ती मला द्या. त्यांनी दिली. तिची फेलोशिप बंद झाली आणि तुम्हाला पुढची काही वर्षं नवा विद्यार्थी नाही, नवा प्रकल्प नाही. तुमच्या वयाचे लोक विभागप्रमुख होत होते तेव्हा तुम्ही एम.एस्सी.च्या पोरांची प्रात्यक्षिकं तपासत बसलात. तुम्ही नाव घेतलं असतंत तर माझं करिअर तिथंच संपलं असतं. मी त्या दिवशी बाहेर बाकावर बसलो होतो, आणि मला आठवतंय, मी देवाला नवस बोलत होतो की मॅडमनी नाव घेऊ नये.

ती ड्रॉवर रिकामा करायला आली तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. डोळे सुजलेले, पण बोलणं नेहमीसारखंच रोखठोक. ‘अर्ज आमच्या दादानंच केला बघ. शिक्का गारगोटीचा हाय. तोंडावर शिक म्हणायचा आणि मागनं हे. आईला बघायला फुकटची बाई पायजे होती त्याला.’ मला वाटतं, सगळ्या आयुष्यात मला एक क्षण मिळाला असेल तर तो तो होता. दोन शब्द लागले असते. ती पुढं म्हणाली, ‘आणि ऐक, सह्या तू केल्यास हे कुणाला सांगू नको. मी बी न्हाय सांगणार, मरेपर्यंत. तुला पुढं फेलोशिप मिळायची हाय, कशाला त्यात खोट लावून घेतोस?’ तिनं माझा हात हातात घेऊन दाबला आणि गेली. मी तिला थांब म्हणालो नाही. तिच्यामागं दार हळूच लावून घेतलं.

पुढच्या खेपेला मला नेटची फेलोशिप मिळाली. दर महिन्याला माझ्या हजेरीच्या कागदावर तुम्ही सही केलीत, एकदाही उशीर केला नाहीत, एकदाही टोमणा मारला नाहीत. प्रबंधाच्या सुरुवातीला मी तुमचे आभार मानले, पानभर, मोठमोठे शब्द वापरून. तिचं नाव घातलं नाही. त्या प्रबंधातल्या निम्म्या आलेखांच्या पट्ट्या तिच्या पाळीत भाजलेल्या होत्या. तिकडं तिनं आई असेपर्यंत आईचं केलं, मग गारगोटीतच शाळेत लागली, लग्न केलं, आणि भावाच्या घराशी नातं तोडलं.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी भेटायला आलो होतो. तुमचा आवाज पार बसला होता, पण ‘कुरुंदवाड’ एवढं स्पष्ट म्हणालात. भाचीकडून तो तीन पुडांचा डबा मागवलात. ‘आत गूळ घातलाय, रिकामा देऊ नये म्हणून. हा तुला नाही. गारगोटीला नेऊन दे.’ मी म्हणालो, हो, देतो. मग तुम्ही म्हणालात, ‘ती भावाशी बोलत नाही म्हणे. तुला माहीत आहे ना?’ मी मान हलवली. ‘तू स्वतः जा. पोस्टानं नको.’ तुम्ही डोळे मिटलेत. आठवड्यात तुम्ही गेलात. डबा मी घरी नेला आणि माळ्यावर टाकला. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत बायको तो खाली काढते, ‘कुणाचा हो हा?’ विचारते, आणि मी ‘राहू दे’ म्हणतो.

आणि आज मी कोण आहे सांगू? विभागाच्या फेलोशिप समितीचा निमंत्रक. हसू नका. दर जुलैत नव्या फेलोंपुढं माझं भाषण असतं, फेलोशिप म्हणजे समाजानं टाकलेला विश्वास, आणि हजेरी म्हणजे त्या विश्वासाची राखण, असलं काहीबाही. पोरं वहीत लिहून घेतात. सही आता कुणी कुणाची करू शकत नाही, अंगठा लागतो, आणि महिन्याच्या सुरुवातीला गाइडनं संगणकावर मान्य केल्याशिवाय फेलोशिप निघत नाही. माझी कडक माणूस म्हणून ख्याती आहे. गारगोटी दाराबाहेर उभी होती ना, त्याच दिवशी सकाळी मी माझ्या एका विद्यार्थिनीची हजेरी अडवून धरली होती. आईच्या ऑपरेशनला गावी गेली आणि रजेचा अर्ज परत आल्यावर दिला. रडत म्हणाली, ‘सर, कुणाला विचारायला वेळच नव्हता.’ मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. माझ्या तोंडून हे निघालं, मॅडम. तिला डबा देणं तर लांबच, ती दुपारी जेवते का हेही मला माहीत नाही. ती काकवीची बाटली टेबलावर आली आणि त्यानंतर मी त्या मुलीची हजेरी मान्य केली. एवढंच. त्यात शाबासकी घेण्यासारखं काही नाही, एक कळ दाबायची असते.

काल मी माळ्यावरून डबा काढला. वरच्या पुडातला गूळ काळा ठिक्कर पडून तळाला घट्ट चिकटला होता. गरम पाणी घालून दोनदा घासला. बायको म्हणाली, ‘अखेर कुणाचा ते कळलं वाटतं.’ मी हो म्हणालो. पंधरा दिवसांवर भाऊबीज आली आहे. भाऊ आजारी आहे, पुढच्या भाऊबिजेला असेल की नाही सांगता येत नाही. गारगोटीला जायला इथून दीड-दोन तास लागतात. मामांनी तिचा नंबरही लिहून ठेवला आहे, बाटलीखालच्याच कागदावर. मला अडवणारं कुणी नाही. समिती नाही, नियम नाही, तुम्हीही नाही.

एक सांगायचं राहिलं. हे पत्र मी तुम्हाला लिहायला बसलो नव्हतो. सगळ्यात वर आधी ‘गारगोटी,’ असं लिहिलं होतं. नीट बघितलंत तर शाईखाली अजून दिसेल. अर्धा तास त्या एका शब्दाकडं बघत बसलो, पुढं एक अक्षर सुचेना, मग तो खोडला आणि ‘मॅडम’ लिहिलं, आणि लगेच सगळं भराभर यायला लागलं. तुम्ही उत्तर देणार नाही, हे माहीत होतं म्हणून.